नामानिराळे मालक : न्यूयॉर्कचे कुलूपबंद दार ते राणा प्लाझा

#इतिहास #थ्रेड

१/
२३ एप्रिल २०१३. ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा नावाच्या आठ मजली इमारतीला मोठे तडे गेले. खालच्या मजल्यांवर दुकाने आणि एका बँकेची शाखा होती, तर वरच्या मजल्यांवर तयार कपडे शिवणारे पाच कारखाने. तडे दिसताच बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले व दुसऱ्या दिवशी शाखा उघडली नाही. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी मशीनवर बसण्याचा हुकूम झाला. न आल्यास पगार मिळणार नाही अशी धमकी दिली गेल्याचे बचावलेल्या कामगारांनी पुढे सांगितले.

२/
२४ एप्रिलच्या सकाळी वीज गेली. वरच्या मजल्यांवरील जनरेटर सुरू झाले आणि नऊच्या सुमारास इमारत कोसळली. १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. मृतांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी होती. ढिगाऱ्यातून मृतदेहांबरोबर युरोप-अमेरिकेतील ब्रँडची लेबले आणि ऑर्डरचे कागदही निघाले. इटलीच्या बेनेटनने प्रथम या कारखान्यांशी संबंध नाकारला. तिची लेबले लावलेले कपडे ढिगाऱ्यात सापडल्यावर तो मान्य करावा लागला.

३/
एकाच इमारतीतील एकाच तड्यावर दोन निर्णय झाले. बँक आपल्या कर्मचाऱ्यांच्या जिवाला थेट जबाबदार होती. शिलाई कामगारांच्या डोक्यावर मात्र कारखानदार, त्याच्यावर खरेदीदाराचा दलाल आणि त्याच्यावर ब्रँड अशी उतरंड होती. या उतरंडीतील सर्वांत बलवान घटक सर्वांत नामानिराळा होता. हे नामानिराळेपण अंतरामुळे आपोआप आलेले नाही. ते शंभर वर्षांत पद्धतशीर घडवले गेले आहे, आणि ते मोडताही येते, याची साक्ष इतिहासच देतो.

४/
या इतिहासाचा आरंभ न्यूयॉर्कमध्ये करावा लागतो. २५ मार्च १९११ रोजी तेथील ॲश बिल्डिंगच्या आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर असलेल्या ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीत आग लागली. येथे बायकांचे ब्लाउज शिवले जात. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. कामगार मुली कापड चोरतील या संशयाने सर्वांना एकाच वाटेने, पिशव्या तपासून बाहेर सोडण्याची तेथे रीत होती. १४६ जण मेले, त्यांत १२३ स्त्रिया व मुली. अनेकींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या.

५/
याच मुलींनी दीड वर्षापूर्वी, १९०९च्या प्रसिद्ध संपात भाग घेतला होता. ट्रँगलच्या मालकांनी कामगार संघटनेला मान्यता दिली नाही. आगीनंतर मालक मॅक्स ब्लँक व आयझॅक हॅरिस यांच्यावर मनुष्यवधाचा खटला चालला आणि डिसेंबर १९११ मध्ये दोघे निर्दोष सुटले. दार बंद होते एवढे सिद्ध होऊन भागणार नव्हते. त्या क्षणी ते बंद असल्याचे मालकांना ठाऊक होते, हेही निःसंशय सिद्ध व्हावे लागणार होते. पुढे दिवाणी दाव्यांत एका मृतामागे ७५ डॉलर देऊन तडजोड झाली.

६/
या निकालाने धंद्याला एक धडा दिला : मालकाचे अज्ञान हा त्याचा बचाव आहे. ज्याला माहीत नाही, तो दोषी नाही. माहिती नसणे इतके किफायतशीर ठरल्यावर माहिती होऊच नये अशी रचना उभी राहणे स्वाभाविक होते. पुढची शंभर वर्षे कपड्याच्या व्यापाराने ती रचना मजल्यावर मजले चढवत उभारली.

७/
आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने कारखाना तपास आयोग नेमला. आग रस्त्यावरून प्रत्यक्ष पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स त्याच्या कामात होत्या. १९३३ मध्ये त्याच अमेरिकेच्या पहिल्या स्त्री मंत्री, कामगार मंत्री, झाल्या. बाहेर उघडणारी दारे, आगीची तालीम, पाण्याचे फवारे असे अनेक कायदे झाले. परंतु कायदा कारखान्याच्या मालकाला धरत होता. मग विकणाऱ्याने कारखानाच ठेवला नाही तर?

८/
येथे 'जॉबर' अवतरतो. मुंबईच्या गिरणीत कामगार भरती करणारा व त्यांच्यावर देखरेख ठेवणारा जॉबर वेगळा. न्यूयॉर्कचा जॉबर म्हणजे कपड्याचा नमुना ठरवणारा, कापड विकत घेणारा आणि तयार माल दुकानांना विकणारा व्यापारी. शिलाई तो लहानसहान गाळ्यांतील कंत्राटदारांकडून करून घेई. दर जॉबर ठरवी, मुदत जॉबर ठरवी, पण कामगार कंत्राटदाराचे. मजुरी बुडाली तर जॉबर म्हणे, ती माझी माणसे नव्हेत. कंत्राटदार म्हणे, मला मिळालेल्या दरात याहून अधिक देता येत नाही. पोटकंत्राटाचे हे तंत्र आजच्या जागतिक पुरवठा साखळीचे मूळ आहे.

९/
शिलाई कामगारांच्या संघटनेने हे तंत्र अचूक ओळखले. १९२० व १९३०च्या दशकांत तिने थेट जॉबरांशी करार करण्याचा मार्ग धरला. जॉबरने ठरलेल्या कंत्राटदारांनाच काम द्यावे, योग्य मजुरी निघेल इतका दर द्यावा आणि कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर स्वतः भरावी, अशी कलमे त्यांत होती. १९५९च्या अमेरिकी कामगार कायद्याने त्रयस्थावर दबाव आणणाऱ्या करारांना बंदी घातली, तेव्हाही कपडे उद्योगाला खास अपवाद केला. जॉबर व कंत्राटदार हे एकाच उत्पादन प्रक्रियेचे भाग आहेत, हे खुद्द अमेरिकी काँग्रेसने मान्य केले होते.

१०/
म्हणजे 'खरेदीदाराला कसे जबाबदार धरता येईल?' या प्रश्नाचे उत्तर जगाला बरीच वर्षे आधीपासून माहीत होते. त्या उत्तरापासून पळण्यासाठी शिलाई समुद्रापार गेली, असे म्हणणे अपुरे ठरेल. स्वस्त मजुरी, कंटेनर जहाजे, व्यापार धोरण ही कारणेही होतीच. पण तिकडे जाताना करार मागे राहिले आणि जॉबर नव्या नावाने पुढे गेला. त्याचे नवे नाव ब्रँड.

११/
१९७४ च्या बहुतंतू कराराने (मल्टिफायबर अरेंजमेंट) देशोदेशींच्या कापड निर्यातीवर कोटा घातला. कोरिया, हाँगकाँग यांचे कोटे भरू लागताच उद्योजकांनी कोटा नसलेले देश शोधले. १९७९ मध्ये कोरियाच्या देवू कंपनीने बांगलादेशातील देश गारमेंट्सच्या सुमारे १३० जणांना कोरियात प्रशिक्षण दिले. त्यांच्यातील अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. बांगलादेशाचा कपडे उद्योग या बीजातून वाढला. लाखो ग्रामीण स्त्रियांच्या हाती त्याने प्रथमच रोख पगार दिला, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

१२/
१९९० च्या दशकात पाश्चात्त्य ग्राहकाला या कारखान्यांची खबर लागू लागली. लेव्हाय स्ट्रॉसने १९९१ मध्ये व नायकीने १९९२ मध्ये पुरवठादारांसाठी आचारसंहिता जाहीर केल्या. आचारसंहिता कंपनीनेच लिहायची, तपासनीस कंपनीनेच नेमायचा आणि अहवाल कंपनीनेच कपाटात ठेवायचा, अशी ही व्यवस्था. नोव्हेंबर १९९७ मध्ये नायकीने स्वतः करवून घेतलेला व्हिएतनाममधील एका बूट कारखान्याचा अहवाल फुटला. कारखान्याच्या काही भागांत घातक रसायनांचे प्रमाण स्थानिक कायद्याच्या मर्यादेच्या १७७ पट होते. माहिती होती. ती फुटेपर्यंत जगाला मात्र नव्हती.

१३/
मे १९९८ मध्ये नायकीचे प्रमुख फिल नाइट यांनी वॉशिंग्टनमधील जाहीर भाषणात आपल्या मालाचे नाव गुलामीच्या मजुरीशी जोडले गेल्याची कबुली दिली व सुधारणांचे आश्वासन दिले. काही सुधारणा खरोखर झाल्याही. परंतु उर्वरित धंद्याने यातून घेतलेला बोध वेगळाच होता : अधिक तपासण्या, अधिक प्रमाणपत्रे. तपासणी हाच एक नवा धंदा होऊन बसला.

१४/
त्या धंद्याची किंमत कराचीने मोजली. ११ सप्टेंबर २०१२ रोजी बाल्दिया टाउनमधील अली एंटरप्रायझेस कारखान्यात आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना लोखंडी गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. प्रमुख खरेदीदार होती जर्मनीची किक कंपनी. या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच 'एसए ८०००' हे सामाजिक जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. आग खंडणीसाठी लावली गेली असा निकाल पाकिस्तानातील न्यायालयाने २०२० मध्ये दिला. आग कोणीही लावो, बाहेर पडायला वाट नव्हती ही गोष्ट त्याने बदलत नाही.

१५/
राणा प्लाझातील पाचपैकी दोन कारखान्यांचीही एका युरोपीय व्यापारी योजनेखाली तपासणी झालेली होती. इमारत पडल्यावर खुलासा आला, की बांधकामाची मजबुती पाहणे या तपासणीच्या कक्षेत नव्हते. ज्या इमारतीत हजारो माणसे दिवसभर काम करतात, तिचे खांब कक्षेबाहेर ठेवणारी तपासणी कामगारांसाठी असूच शकत नाही. ती खरेदीदाराला 'आम्ही तपासले होते' असे म्हणता यावे यासाठी असते.

१६/
यावर ब्रँडचा पहिला बचाव ठरलेला असतो : हजारो पुरवठादार, त्यांचे पोटकंत्राटदार, कुठवर लक्ष ठेवणार? पण हेच ब्रँड एका इंचात टाके किती, बटणाचा व्यास किती, रंगाची छटा कोणती आणि खोक्यात घडी कशी घालायची, हे सारे लेखी कळवतात. टाका चुकला तर माल परत जातो, जहाज चुकले तर पैसे कापले जातात. जी नजर समुद्रापलीकडून शिवणीतला दोष पाहते, तिला जिन्याचे कुलूप दिसत नाही, असे मानायला फार भाबडेपणा लागतो.

१७/
आणि विचारलेच नव्हते असेही नाही. एप्रिल २०११ मध्ये ढाक्यात कामगार संघटना, कारखानदार व मोठे खरेदीदार यांची बैठक झाली. आग व विजेच्या धोक्यांपासून कारखाने सुरक्षित करण्याचा खर्च निघेल असा दर खरेदीदारांनी कराराने बांधून द्यावा, असा प्रस्ताव होता. हजारो कारखान्यांत असे खर्चिक बदल करण्यासाठी पैसा गुंतवणे खरेदीदारांना आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, अशी भूमिका वॉलमार्टच्या प्रतिनिधीने मांडली. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर २०१२ रोजी, ढाक्याजवळील ताजरीन फॅशन्सच्या आगीत ११० हून अधिक कामगार मेले. तेथे वॉलमार्टसाठीचे कपडे शिवले जात होते. कंपनीचा खुलासा : पुरवठादाराने परस्पर पोटकंत्राट दिले. १९२० च्या जॉबरलाही हाच खुलासा सुचला असता.

१८/
राणा प्लाझा पडला आणि जे अव्यवहार्य होते ते तीन आठवड्यांत व्यवहार्य झाले. १५ मे २०१३ रोजी ब्रँड व आंतरराष्ट्रीय कामगार महासंघ यांच्यात 'अकॉर्ड' हा सुरक्षा करार झाला. दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले, सोळाशेहून अधिक कारखाने त्याच्या कक्षेत आले. तपासणी स्वतंत्र अभियंत्यांकडून, अहवाल जाहीर, दुरुस्तीचा खर्च निघेल अशा व्यापारी अटी देण्याचे ब्रँडवर बंधन आणि करारभंग झाल्यास लवाद. वॉलमार्ट व गॅप मात्र बाहेर राहिले व त्यांनी वेगळी संघटना काढली. गॅपचा प्रमुख आक्षेप कायदेशीर बंधनावरच होता.

१९/
पहिल्याच फेरीत अकराशेहून अधिक कारखान्यांत ८० हजारांहून अधिक त्रुटी सापडल्या. त्यांतील कित्येक कारखाने वर्षानुवर्षे प्रमाणपत्रे मिरवत होते. पाच वर्षांत बहुतांश त्रुटी दूर झाल्या. टाळाटाळ करणाऱ्या दोन ब्रँडना संघटनांनी हेगच्या लवादापुढे उभे केले, आणि त्यांपैकी एकाने २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. साधनच सापडत नव्हते, ही सबब येथे संपली. न्यूयॉर्कच्या कामगारांनी जॉबरांशी केलेल्या करारांचेच हे नवे रूप होते.

२०/
दुसरा बचाव अधिक चतुर आहे : फार कडक वागाल तर ब्रँड निघून जातील, गरिबांच्या नोकऱ्या जातील. इतिहासाने याचा पडताळा दिला आहे. २०१२-१३ मध्ये बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात सुमारे २१ अब्ज डॉलर होती. अकॉर्डच्या अंमलबजावणीनंतर, २०१८-१९ मध्ये, ती सुमारे ३४ अब्ज डॉलर झाली. जिने मोकळे केल्याने देश बुडाला नाही.

२१/
तिसरा बचाव मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल : ही कामगारांची कणव म्हणजे श्रीमंत देशांचा व्यापारी मत्सर. १८७० च्या दशकात मुंबईच्या गिरणीमालकांनी हेच म्हटले, आणि ते पुष्कळ अंशी खरेही होते. मुंबईच्या गिरण्यांतील बालमजुरीबद्दल लँकेशायरच्या गिरणीमालकांना फुटलेला पाझर स्पर्धेच्या भीतीतून आला होता. १८८१ चा कारखाना कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी भारतातील विलायती कापडावरील आयात कर उठला. दोन्हींमागे मँचेस्टरचा रेटा होता.

२२/
पण म्हणून मुंबईच्या कामगाराचे दुःख मँचेस्टरने रचलेले नव्हते. १८८४ मध्ये 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सभा घेतल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई, या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या व अंगठे उठवले. त्या मागण्या लँकेशायरने लिहून दिल्या नव्हत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. गिरण्या त्यानंतरही चालू राहिल्या.

२३/
लोखंड्यांच्या अर्जातून निघणारी कसोटी आजही लागू पडते. बाहेरच्या सहानुभूतीमागचा हेतू संशयास्पद असू शकतो, पण मागणी कामगाराची आहे का, हे पाहता येते. अकॉर्डवर बांगलादेशच्या कामगार संघटनांचीही सही होती. त्यामुळे त्याला गोऱ्यांचा मत्सर म्हणणारे कामगारांच्या वतीने बोलत नसतात, ते बहुधा कारखानदारांच्या वतीने बोलत असतात.

२४/
याचा अर्थ सारा दोष परदेशी ब्रँडचा, असा नव्हे. राणा प्लाझाचे वरचे मजले बेकायदा चढवलेले होते. ते पाहूनही गप्प बसणारे अधिकारी होते, तडे पाहूनही कामगारांना आत ढकलणारे कारखानदार होते. इमारतीचा मालक सोहेल राणा पळून जाताना भारताच्या सीमेजवळ पकडला गेला. पण स्थानिक गुन्हेगाराकडे बोट दाखवून वरचा सुटत असेल, तर तो ट्रँगलचाच बचाव पुन्हा मान्य करणे आहे.

२५/
अकॉर्डलाही मर्यादा होत्या. त्याने इमारत पाहिली, मजुरी नाही. राणा प्लाझाच्या वेळी बांगलादेशात या उद्योगाचे किमान वेतन महिना ३,००० टका होते. मार्च २०२० मध्ये कोरोना येताच सुमारे तीन अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द किंवा स्थगित झाल्याचे तेथील कारखानदार संघटनेने जाहीर केले. काही ठिकाणी कापड कापून, शिवूनही झाले होते. नफ्याच्या काळातील 'भागीदार' संकटात पुन्हा केवळ खरेदीदार झाला. दर व ऑर्डरची शाश्वती यांवर कोणताही बंधनकारक करार नव्हता, आणि जेथे करार नसतो तेथे कणव फार दिवस टिकत नाही.

२६/
न्यायालये आजही ट्रँगलच्या सावलीत आहेत. कराचीच्या पीडितांनी किकविरुद्ध जर्मनीत लावलेला दावा २०१९ मध्ये मुदत संपल्याच्या कारणाने फेटाळला गेला. राणा प्लाझाच्या पीडितांचा लोबलॉविरुद्धचा कॅनडातील दावाही टिकला नाही. म्हणूनच कायदे आवश्यक ठरले. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठा साखळीतील धोक्यांबाबत दक्षतेचे बंधन घातले. जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला आणि उद्योगांच्या दबावाखाली २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. कारण ओळखीचेच : व्यवहार्य नाही.

२७/
या कायद्यांचे मर्म एका वाक्यात सांगता येते. 'तुम्हाला माहीत होते का?' हा १९११ चा प्रश्न ते बाजूला सारतात आणि विचारतात, 'तुम्ही माहिती का करून घेतली नाही?' अज्ञान हा बचाव न राहता कसूर ठरते. शंभर वर्षांच्या या इतिहासात कामगाराच्या बाजूने झालेला प्रत्येक बदल याच दिशेने झाला आहे, आणि प्रत्येक वेळी तो अशक्य असल्याचे आधी सांगितले गेले.

२८/
अकॉर्डमध्ये एक छोटे कलम होते. इमारत असुरक्षित आहे असे सबळ कारणाने वाटल्यास आत जाण्यास नकार देण्याचा, आणि त्यापायी पगार न गमावण्याचा, कामगाराला हक्क. २४ एप्रिल २०१३ च्या सकाळी राणा प्लाझाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलींना याहून अधिक काही नको होते. त्या इमारतीकडे पाहत होत्या, आत जायला कचरत होत्या. बँकेच्या कर्मचाऱ्यांना त्या दिवशी मिळालेली मुभा त्यांना कोणी देऊ शकत होते का? ऑर्डर देणारा देऊ शकत होता. तसा प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी त्याच्या टेबलावर होता.

#थ्रेड समाप्त